ताक मारलेली फुलं

हवामानाच्या ॲपवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्याकडे, म्हणजे पोर्टलंडच्या पश्चिमेला, ते बिचारं सप्टेंबरपासून मेपर्यंत ढगाचं चित्र दाखवतं आणि आपलं काम झालं असं समजतं. पण त्या वर्षी सप्टेंबर संपत आला तसा मी ते उठता-बसता उघडायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, सारखं बघून बघून तुम्हीच पाऊस बोलावून आणाल."

मागच्या अंगणात चार झाडं उभी होती. गांजाची. हा शब्द लिहितानासुद्धा माझा हात जरा अडखळतो. आमच्या राज्यात, म्हणजे ऑरेगनमध्ये, घरटी चार झाडं लावायला परवानगी आहे, रस्त्यावरून दिसता कामा नयेत एवढीच अट, आणि आमचं कुंपण चांगलं उंच आहे. पण मी पुण्याच्या सरळमार्गी घरात वाढलेला माणूस. इथे नोकरीची सगळी वर्षं काउंटीसाठी, म्हणजे इथल्या जिल्ह्यासाठी, पुलांची डिझाइनं केली, सिगरेटसुद्धा कधी ओढली नाही. अशा माणसाला रोज सकाळी गांजाला पाणी घालताना कुंपणाबाहेर एकदा डोकावावंसं वाटतंच. मी डोकावायचो. बाहेर नेहमी तेच मॅपलचं झाड आणि तीच कचऱ्याची निळी पेटी असायची.

झाडं बायकोसाठी होती. आदल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला आणि केमो सुरू झाली. केस गेले, त्याचं तिने फारसं मनावर घेतलं नाही, लोकरीची टोपी घातली आणि मोकळी झाली. भूक गेली, ती मात्र गेलीच. फोडणीचा वास आला की ती मान वळवायची. भाताचं झाकण उघडलं की उठून दुसऱ्या खोलीत जायची. बोटांची टोकंही बधिर झाली, बटणं लावायला मी लागायचो. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, की वजन आणखी उतरलं तर हिवाळ्यातली केमो देता येणार नाही, शरीराला झेपणार नाही. म्हणजे सगळं येऊन तिच्या ताटाशी अडलं होतं. मुलगी लांब, फ्रीमाँटला असते. ती रोज संध्याकाळी फोन करायची आणि मी हॅलो म्हणायच्या आत विचारायची, "बाबा, डिड आई ईट?" मी "हो, खाल्लं की" म्हणायचो. ते बहुतेक वेळा खोटं असायचं.

आमच्या कुंपणापलीकडे एक निवृत्त शिक्षिका राहते. ती स्वतः या आजारातून गेलेली. एक दिवस ती बरणीभर लोणी घेऊन आली, स्वतःच्या अंगणातल्या झाडांच्या फुलांचं. वाटाण्याएवढं घ्या, म्हणाली, जास्त नको. आम्ही आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी घ्या असंही म्हटलं नाही आणि घेऊ नका असंही नाही, पण काय होतं ते आम्हाला सांगत राहा म्हणाल्या. मी वाटाण्याएवढं लोणी पोळीच्या तुकड्याला लावून दिलं आणि तासाभराने बायकोने अर्धी भाकरी खाल्ली. अर्धी भाकरी! मला तर अंगणात जाऊन ओरडावंसं वाटलं.

दुकानातही हे सगळं मिळतं, रीतसर, औषधाच्या दुकानासारख्या स्वच्छ काचेच्या कपाटांतून. आम्ही तेही आणून पाहिलं. तिला ते सोसलं नाही. भिंती फिरतात म्हणाली आणि माझा हात धरून बसून राहिली, नंतर कितीतरी दिवस त्या डबीकडे बघायलाही तयार नव्हती. शेजारणीची जात सौम्य होती, तीच तिला मानवली. पण शेजारणीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, या वर्षी तिच्याकडे झाडं लागणार नव्हती. मे महिन्यात तिने चार रोपं आमच्या हाती ठेवली. बरणीतलं लोणी जपून जपून वापरलं तरी मॅपलची पानं गळेपर्यंतच पुरणार होतं. त्यापुढे या चार झाडांवर जे काही हाती येईल तेच.

मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. कळत होतं ते तिला. ती तासगावकडच्या द्राक्षवाल्यांची मुलगी. इथे येऊन तिने शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, पण मनातून ती बाग कधी सुटली नाही. अंगणाच्या काचेच्या दारामागे तिची खुर्ची होती, पायांवर रजई, आणि तिथून ती मला हुकूम सोडायची. खालची पानं काढा. मधली फांदी बांधा. पाणी बुंध्याला घाला, डोक्यावर नको, आंघोळ घालताय का त्यांना? झाडांना ती पोरी म्हणायची, कारण यांतली नर झाडं आधीच उपटून टाकतात, फुलाला किंमत फक्त मादीच्या. "सकाळी पोरींना बघितलंत का?" हा तिचा पहिला प्रश्न असायचा, चहाच्याही आधी. मी कुरकुरायचो, तिला बरं वाटायचं. संसारात हा एक विभाग आमच्याकडे कायम नीट चालत आला आहे.

ऑगस्टच्या शेवटी खालच्या पानांवर पीठ सांडल्यासारखे ठिपके दिसले. तिने काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "भुरी." दुसऱ्या एखाद्या घरात दारुड्या जावयाचं नाव घ्यावं, तसा तिने तो शब्द उच्चारला. द्राक्षवाल्यांच्या घरात भुरी म्हणजे काय, हे मला लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत कळलं होतं. जेवणाच्या पंगतीत माणसं दुसरं काही बोलतच नव्हती. पानावर, मण्यावर पांढरी बुरशी चढते आणि वर्षाची मेहनत जाते. बागेत तिच्यावर औषधं असत, पण घराच्या मांडवावरच्या चार वेलांवर तिची आई आंबट ताक मारायची. तेव्हा आमच्या गॅरेजमध्ये ताक आंबायला बसलं. चांगलं आठवडाभर. गाडीत बसलं तरी वास यायचा. मग ते गाळून, पाण्यात पातळ करून मी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारलं आणि काय सांगू, भुरी थांबली. मी तिच्या आईला मनातल्या मनात नमस्कार केला.

सप्टेंबरात पोरींना फुलं आली. इथपासून मी जरा बिघडलो, असं माझी बायको सांगते, आणि ते खरं आहे. एकवीस जूननंतर दिवस लहान होतात हे मला कॅलेंडरमुळे माहीत. त्यांना कोणी सांगितलं? शेजारणीने बजावलं होतं की अंगणातला दिवा लावू नका, त्यांचा अंधार मोडतो आणि त्या गोंधळतात. म्हणजे रात्र किती लांबली ते त्या मोजत होत्या! मी पुलाखालून किती पाणी जाईल याची गणितं आयुष्यभर केली, पण डोळे नसलेल्या, मेंदू नसलेल्या गोष्टीला अंधार मोजता येतो यावर मी कधी क्षणभर विचार केला नव्हता. आम्ही दिवा बंद ठेवला. संध्याकाळी आम्ही दोघं काचेमागे अंधारात बसून राहायचो, अंगणात त्या चार काळ्या आकृत्या, आणि मला देवळाच्या गाभाऱ्याबाहेर बसल्यासारखं वाटायचं.

फुलं म्हणजे आपण समजतो तशी फुलं नव्हेत. पाकळी नाही, रंग नाही. फांदीच्या टोकाला हिरवे तुरे, त्यांतून बारीक पांढरे केसर निघालेले. ते तुरे दिवसागणिक भरत गेले. वास असा की इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू दसऱ्याचा डबा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं, स्कंक येऊन गेला का तुमच्याकडे?" स्कंक म्हणजे इथला मांजराएवढा प्राणी, घाबरला की घाण वास सोडतो.

"हो ना काकू, रोजच येतो मेला," बायको म्हणाली. तिचा चेहरा इतका सरळ होता की मला बाथरूममध्ये जाऊन हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं तिरपी झाली तेव्हा ती एकदम ताठ बसली. "अहो, भुरी वर चढली. तुऱ्यांवर आलीय. बघा, सगळे शेंडे पांढरे झालेत." मीही बघितलं. खरंच, तुरे पीठ भुरभुरल्यासारखे दिसत होते. ॲप म्हणत होतं की चार दिवसांनी पाऊस. पाऊस आणि भुरी एकत्र आली तर काही उरणार नाही, हे तिने मला सांगायची गरज नव्हती. "ताक मारा," ती म्हणाली. "आत्ताच. उद्यावर नको." गॅरेजमध्ये उरलेलं ताक होतं. मी फवारणीचा पंप भरला आणि चारही झाडांचे तुरे निथळेपर्यंत मारलं. सगळ्यात उंच पोरीवर जास्तच, कारण तीच सगळ्यात पांढरी होती. बायकोने काचेमागून हात वर करून शाबासकी दिली.

सकाळी ताक वाळलं होतं आणि पांढरं तसंच होतं. मी एका तुऱ्यावर अंगठा फिरवला. भुरी पुसली जाते. हे पुसलं गेलं नाही, उलट अंगठा चिकट झाला आणि त्याला लिंबाच्या सालीसारखा, देवदाराच्या फळीसारखा वास आला. मला पोस्टाच्या तिकिटांचा नाद आहे, त्यासाठी एक जाड भिंग आहे. मी ते आणलं आणि एक छोटं पान भिंगाखाली धरलं.

त्या क्षणाचं मी कितीदा वर्णन करून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी मला ते कमीच वाटतं. पानावर बुरशी नव्हती. तिथे काचेच्या टाचण्या उभ्या होत्या. एकेक बारीक, पारदर्शक देठ, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक गोल, स्वच्छ थेंब. मोजता येणार नाहीत इतक्या, एकीला एक लागून, आणि प्रत्येक थेंबात सकाळचं आभाळ उलटं दिसत होतं. ती राळ होती. बायकोला जी भाकरी गोड लागली होती, ती या थेंबांमुळे. आणि हे सगळं आमच्या अंगणात, पाणी आणि माती आणि थोडं शेणखत यांतून, कोणी बघत नसताना तयार झालं होतं. माझ्या अंगावर काटा आला. मग मला थेंबांच्या मधल्या जागेत वाळलेल्या ताकाचे पिवळट कण दिसले.

मी पान आणि भिंग घेऊन आत गेलो. तिने बराच वेळ बघितलं. "ही भुरी नाही," ती हळूच म्हणाली. "अहो, हे तर... हेच औषध. आणि आपण त्याच्यावर ताक मारलं."

आधी ती हसली. टोपी सरकेपर्यंत हसली. द्राक्षवाल्याच्या मुलीला पांढरं दिसलं की भुरीच दिसणार, म्हणाली. आणि मग त्याच हसण्यातून रडायला लागली, आणि मला काय करावं सुचेना म्हणून मी भिंग पुसत बसलो.

शेजारणीला फोन लावला. ती गुडघ्यांना पट्ट्या बांधून मुलाकडे होती. "फुलांवर काय मारलंत?" तिने दोनदा विचारलं. ताक म्हणजे काय ते समजावल्यावर तिने आधी मुलाला टीव्ही बंद करायला सांगितलं. मग शाळेतल्या आवाजात ती म्हणाली, "हे बघा. फुलांवर कधीच काही मारायचं नसतं. ते दूध आत राहिलं आणि वर ओल आली, की तुरा आतून कुजतो. बाहेरून कळतही नाही. पाऊस यायच्या आत साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा."

त्या दिवशी ऊन होतं, देवाची कृपा. मी नळीचं तोंड सैल करून तुऱ्यांवर हलकं पाणी सोडलं, ताकाचा वास जाईपर्यंत. आणि मागे वळून बघतो तर बायको अंगणात. टोपी, स्वेटर, पायात माझे बूट. कितीतरी आठवड्यांनी ती पायऱ्या उतरली होती. "तुम्ही झोडपाल त्यांना," म्हणाली, आणि तिने एकेक फांदी तळहातांत धरून हलवली. द्राक्षाच्या बागेत अवेळी पाऊस झाला की पहाटे सगळी माणसं तारा हलवत फिरतात, घडात पाणी राहू नये म्हणून. लहानपणी तीही फिरायची. तिच्या मनगटांना ते अजून येत होतं. ती एक फांदी धरायची, दोन झटके द्यायची, पाणी उडायचं, ती पुढच्या फांदीकडे जायची. मी लांबून पानं उडवायच्या ब्लोअरने वारा देत होतो. संध्याकाळपर्यंत पोरी वाळल्या आणि ती इतकी दमली की मला तिला आत उचलूनच न्यावं लागलं. ती किती हलकी झाली होती, ते मला तेव्हा कळलं.

मग छप्पर. इथे मी माझी विद्या दाखवायला गेलो. पाइप वाकवून कमानी केल्या, वाऱ्याचा दाब धरला, चारही बाजूंनी प्लास्टिक खाली आणून मातीत पुरायचं ठरवलं. पाण्याचा एक थेंब आत जाणार नव्हता.

"पूल बांधताय का?" ती म्हणाली. "बाजू उघड्या ठेवा. आत कोंडलंत तर त्या स्वतःच्याच घामाने कुजतील."

"आणि आडवा पाऊस?"

"त्याला साड्या बांधा."

मी वाद घातला. मला आकडे ठाऊक होते, तिला बागा ठाऊक होत्या. शेवटी छप्पर उंच, उतरतं, आणि तिन्ही बाजूंनी मोकळं राहिलं. नैऋत्येला, जिकडून आमच्याकडे वादळं येतात, तिकडे तिने कपाटातल्या जुन्या नायलॉनच्या साड्या बांधायला लावल्या. त्यांतून वारा चाळून येतो, पाऊस अडतो, ओलं झालं की लगेच वाळतं. गावाकडे पिकाभोवती हेच करतात. ऑरेगनच्या करड्या आभाळाखाली, कुंपणाच्याही वर, मोरपिशी आणि डाळिंबी साड्या फडफडायला लागल्या. आता कुंपणाबाहेर डोकावण्यात काही अर्थ नव्हता, लपवायचं उरलंच काय होतं?

पाऊस आला तो इथल्या पद्धतीने आला. धो धो नाही, आवाज नाही, नुसता सकाळपासून संध्याकाळपर्यंत बारीक, थंड, कंटाळवाणा. छपराखाली थेंब पडत नव्हता, पण हवाच ओली. रोज उजाडलं की मी जाऊन फांद्या हलवायचो, पोर्चमधून पंखा लावायचो. आणि रोज तुरे तपासायचे. कूज आत सुरू होते, शेजारणीने सांगितलं होतं, एखादं छोटं पान एकदम पिवळं पडतं आणि ओढलं की अलगद हातात येतं. मला चारातली दोन तरी पानं पिवळीच वाटायची. माझ्या हाताला कोरडा तुरा आणि ओला तुरा यांतला फरक कळेना.

तिला हाताने कळलं असतं, पण तिची बोटं मेलेली. तेव्हा तिने मला खुर्ची छपराखाली ठेवायला सांगितली, तिथे बसली, एक फांदी स्वतःकडे वाकवून घेतली आणि तुऱ्यावर गाल टेकवला. डोळे मिटले. मग नाक त्यात घातलं आणि खोल श्वास घेतला.

ही ती बाई, जिला भाताची वाफ सहन होत नव्हती. त्या वासाने तिला उमासा आला, मी तो बघितला. तिने मान बाजूला केली, ओठ पुसले, आणि पुढची फांदी वाकवली. गाल, नाक, उमासा, पुढची. मी म्हटलं, "पुरे, आत चल." ती म्हणाली, "गप्प बसा, मला लक्ष देऊ द्या." मी पुढची फांदी तिच्याकडे वाकवून धरली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला हजार गोष्टी करताना पाहिलं होतं. पण आपल्याच जिवासाठी आपल्याच शरीराशी असं शांतपणे भांडताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. मला तिची भीती वाटली, आणि अभिमानही.

"हा," ती म्हणाली. सगळ्यात उंच पोरीचा सगळ्यात जाड तुरा. "जुन्या पोत्यासारखा वास येतोय. फोडा."

बाहेरून तो तुरा इतका सुंदर होता की फोडवेना. फोडला तर आत तपकिरी चिखल आणि राखाडी बुरशी, धूर उडाल्यासारखी उडाली. त्यावर सर्वात जास्त ताक गेलं होतं. ती पोर आम्ही दोन दिवसांत तुकड्या-तुकड्याने कापून टाकली. तिच्या शेजारची तिसऱ्या दिवशी गेली. प्रत्येक कापलेला तुरा पिशवीत बांधून टाकायचा, कात्री स्पिरिटने पुसायची, पुढचा हुंगायचा. राहिल्या दोन.

त्या दोघींचे थेंब मी रोज भिंगातून बघायचो. शेजारीण म्हणाली होती की स्वच्छ थेंब दुधाळ झाले की कापा, आधी कापलंत तर जोर नसतो. रोज सकाळी थोडे थेंब दुधाळ झालेले असायचे, थोडे नाही. आजूबाजूला सगळं कुजत होतं, बहिणी गेल्या होत्या, ऊन दिसत नव्हतं, आणि या दोघी आपलं काम मुकाट पूर्ण करत होत्या. मला वाटायचं, यांना कोणीतरी हात जोडायला हवेत. एका सकाळी मी जोडले. कुंपणाबाहेरून कुत्रा घेऊन जाणाऱ्या गृहस्थाने कुंपणाच्या फळ्यांमधून, साड्यांच्या फटीतून ते बघितलं आणि हात हलवला. मीही हलवला.

शनिवारी वादळ येणार होतं. ते शुक्रवारी दुपारीच आलं. माझा ॲपवर विश्वास नव्हता तो उगाच नव्हे. साड्या आधी फुगल्या आणि मग एकेक करून सुटल्या, छपराचं एक टोक उचललं गेलं. मी धावत जाऊन दोरी धरली. माझं छप्पर होतं ते, मी मोजून बांधलेलं, मी ते सोडणार नव्हतो. प्लास्टिक मला ओढत होतं, पाय चिखलात घसरत होते, आणि मी आणखी एक दोरी कुठे बांधता येईल याचा विचार करत होतो.

"सोडा!" ती दारातून ओरडली. तिच्यात एवढा आवाज शिल्लक आहे हे मला माहीत नव्हतं. "छप्पर जाऊ दे! कापा त्यांना!"

"थेंब अजून पुरते..."

"जेवढे झालेत तेवढे माझे! कापा!"

मी दोरी सोडली. छप्पर उडालं आणि कुंपणावर जाऊन अडकलं. मी दोन्ही झाडं बुंध्यापासून कापली, पावसाची पहिली सर मातीवर पडायच्या आत त्यांना कवेत घेऊन गॅरेजकडे पळालो, आणि ती दार धरून उभी होती. गाडी बाहेर पावसात काढली आणि तिच्या जागी दोऱ्या बांधून फांद्या उलट्या टांगल्या. हवेतली ओल ओढणारं मशीन लावलं. ती खुर्चीवर बसून एकेका तुऱ्याला गाल लावत होती. "कोरडा," ती म्हणायची. "हा पण कोरडा. हा पण."

दोन आठवड्यांनी सगळं वाळलं, तेव्हा जेमतेम एक बरणी भरली. चार झाडांतून एक बरणी. त्याचं तिने लोण्याऐवजी तूप केलं. शेजारीण फोनवरून सांगत होती आणि ही मान डोलावून शेवटी आपल्याच पद्धतीने करत होती. थेंब पुरते पिकले नव्हते, त्यात जोर होता की नाही कोणालाच माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी वाटाण्याएवढं घेतलं, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारणीच्या बरणीचा तळ तर कधीच दिसला होता. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे वजन व्हायचं होतं.

तिसऱ्या दिवशी मी मुगाची खिचडी लावली होती. जरा लागली. तिने दोन चमचे खाल्ले आणि ताटली सरकवली. फाटलेल्या प्लास्टिकची घडी घालायची राहिली होती, म्हणून गॅरेजमध्ये गेलो आणि तिथे उगाच वेळ काढत बसलो.

थोड्या वेळाने आतून खरखर ऐकू आली. धातूवर धातू. मला वाटलं ती भांडी घासतेय. तिला गरम पाणी कळत नाही, हात भाजून घेईल, म्हणून मी धावलो, आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबलो.

ती माझ्याकडे पाठ करून शेगडीशी उभी होती. पातेलं डाव्या हाताने पोटाशी घट्ट धरलेलं. बोटांना कालथा नीट धरता येत नव्हता, म्हणून तो तिने मुठीत धरला होता आणि तळाची करपलेली खरवड सगळा जोर लावून काढत होती. निघालेला तुकडा तोंडात टाकायची, चावता चावताच पुढचा सोडवायला लागायची. एक खाली पडला. तिने इकडेतिकडे न बघता वाकून उचलला, फुंकला आणि तोही खाल्ला.

मी पाऊल मागे घेतलं. बूट वाजू नयेत म्हणून तिथेच गॅरेजच्या पायरीवर बसलो आणि तोंडावर हात धरला. आतली खरखर बराच वेळ चालू होती.